खालच्याची वाटणी

नदी अजून तळाला होती, म्हणूनच होडीवाला सुतार घाई करत होता. नदी वर आली की सगळ्यांनाच होडी हवी होते. शहाणा सुतार ती नदी झोपलेली असतानाच बांधून घेतो. यंदा त्याच्या अंगणात होडीचा नुसता सांगाडा उभा होता आणि त्यावर बसायच्या फळ्या अजून ओंडक्यांच्या पोटात होत्या. ओंडके वाकडे. गिरणीतल्या यंत्राला सरळ लाकूड द्या, बघता बघता फळ्या करून देतं. वाकडं दिलं की पातं मोडून बसतं. होडीला मात्र वाकडंच लागतं. त्यामुळे गिरण्या आल्या तरी नदीकाठच्या या घरातली लांब करवत भिंतीवर टांगायची पाळी आली नव्हती.

ती करवत दोघांची. जमिनीत माणसाहून खोल खड्डा, त्यावर दोन आडव्या तुळया, तुळयांवर ओंडका. एक जण ओंडक्यावर उभा, एक जण खड्ड्यात. वरच्याने करवत उचलायची आणि काजळीच्या रेघेवर धरायची, खालच्याने ओढायची. करवत कापते ती ओढताना. म्हणजे कापतो खालचा, आणि फळी सरळ आली की शाबासकी वरच्याला. इतर धंद्यांतही असंच असतं म्हणतात, फक्त तिथे खड्डा दिसत नाही.

दोघे भाऊ होते. रीतीप्रमाणे थोरल्याने वर उजेडात उभं राहायचं; पण धाकट्याला पोरवयात भुशाने खोकल्याची उबळ यायची, म्हणून थोरला 'थोडे दिवस' असं म्हणून खाली उतरला, तो केस भुशाच्या रंगाचे होईपर्यंत खालीच राहिला. गावाने दोघांची नावं कधीच टाकून दिली होती. एक वरचा, एक खालचा. गेल्या साली नदी उतरत असताना थोरला गेला, तेव्हा टपरीवर कुणीतरी म्हणालं, "खालचा वर गेला की रे," आणि हसू दाबायला सगळ्यांनी एकदम कपात तोंडं घातली. वरचाही तिथेच बसला होता. त्यानेही घातलं.

घरात एक नियम होता. कुणी केला ते आठवत नव्हतं, पण मोडला कुणीच नव्हता. जे येईल ते आधी खाली. चहा आला, आधी खाली. पाणी आलं, आधी खाली. डबा आला की निम्मा बादलीत ठेवून दोरीने खड्ड्यात सोडायचा, खालून "आलं" असा आवाज यायचा आणि मग वरच्याने आपला घास उचलायचा. खड्ड्यातल्या माणसाला वर काय आलंय ते दिसत नाही. दिसत नसलेल्या माणसाची वाटणी बरोबर निम्मी करणं हाच काय तो या धंद्यातला प्रामाणिकपणा. उशीर झाला तर खालून थोरला एवढंच विचारायचा, "माझी?" रागाने नाही, आठवण दिल्यासारखं.

थोरल्याच्या जागी आधी बाहेरचा गडी लावून पाहिला. त्याने दुपारच्या आतच करवतीची मूठ सोडली. वर आला आणि म्हणाला, "तिथं शेजारी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं."

"भुसा गेला असेल डोळ्यात," थोरल्याची बायको, वहिनी, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याचा सदरा अंगात चढवला, डोक्याला एक आणि तोंडाला एक फडकं गुंडाळलं आणि शिडीवरून खाली उतरली. वरच्याला बायको होती, पण ती स्वतःच सांगायची, की माझी शक्ती सगळी जिभेत आहे. ते खोटं नव्हतं.

*

सकाळी वरचा सगळ्यांच्या आधी खड्ड्यावर यायचा. करवतीला तेल लावायचं असतं, दात कानशीने घासायचे असतात, हे कारण. खरं काम वेगळं होतं. खिशातून गोळी काढायची. विटकरी रंगाची, लांबट. ओंडक्यावर ठेवायची, पटाशीची धार मधोमध टेकवायची आणि तळव्याने एकच थाप. अर्धी तोंडात. अर्धी, खरं म्हणजे त्याच्याआधी, ओंडका आणि तुळईच्या फटीतून खड्ड्यात.

मग तो थांबायचा. कान द्यायचा. तोंडात कडू जहर पसरत जायचं आणि खाली भुशाचा ढीग गप्प असायचा.

घरातून बायकोची हाक यायची, "घेतली का हो?"

"घेतली!"

"पाण्याबरोबर?"

"पाण्याबरोबर!"

यात एक शब्दही खोटा नव्हता. किती घेतली हे तिने कधी विचारलंच नाही.

गोळीची कुळकथा जुनी होती. भाऊ तरुण असताना बाजाराच्या दिवशी गावात एक सुईवाला यायचा. डॉक्टर नव्हता, पण डॉक्टरसारखी पेटी होती आणि डॉक्टरपेक्षा हात हलका होता. अंगमेहनत करणाऱ्यांना तो ताकदीची सुई टोचायचा. सुई पहिल्या माणसासाठी उकळलेली असायची. पुढच्यांसाठी ती गरम होतीच. करवतवाले भाऊही रांगेत उभे राहायचे. तिथेही नियम तोच. थोरल्याचा दंड पुढे, मग धाकट्याचा. आधी खाली, मग वर, एकाच सुईने.

ताकद आली की नाही ते आठवत नव्हतं. जे आलं ते मुकाट्याने आत बसून राहिलं. पुष्कळ वर्षांनी थोरल्याचे पाय सुजले, पोट मडक्यासारखं झालं, डोळे पिवळे पडले. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तेव्हा कळलं, की काविळीच्या जंतूंतला 'सी' नावाचा एक जंतू यकृतात घर करून आहे, भाडं न देता, वर्षानुवर्षं. नर्सबाईने गोळ्यांची बाटली दिली. रोज एक, ठरल्या वेळी, न चुकवता, न तोडता. थोरल्याने मान हलवली. तो कुणाचंही ऐकताना अशीच मान हलवायचा.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यातून दोरीला हिसका बसला. धाकट्याने बादली वर ओढली. आत अर्धी गोळी.

"हे काय, दादा?"

"सुई एकच होती. तुलाही असणार ते."

"मग मी तपासून येतो ना."

"तू तिकडं रांगेत बसशील आणि हा ओंडका कोण, तुझा सासरा चिरणार? खा मुकाट्याने."

खालून वर काही यायची ती पहिलीच वेळ. धाकट्याने खाल्ली. त्यानंतर रोज बादली वर यायची आणि रोज तो खायचा. त्याला राहून राहून आठवायचं ते हेच. आपण एकदाही नको म्हटलं नाही. एकदा तर बादली यायला उशीर झाला, तेव्हा ओंडक्यावरून वाकून आपणच विचारलं होतं, "माझी?"

बाटल्या संपल्या. रक्त पुन्हा तपासलं. जंतू होता तिथेच होता. डॉक्टर बुचकळ्यात पडले, म्हणाले, दुसरं औषध मागवू. ते यायच्या आत थोरल्याला एका सकाळी रक्ताची उलटी झाली. खड्ड्यातच. भुशाने ती सगळी पिऊन टाकली. वर उभ्या असलेल्या भावाला फक्त करवत जड झाल्यासारखी वाटली.

मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. बायका सुटल्या. वरच्याला होता. नर्सबाईने त्याला त्याची स्वतःची बाटली दिली आणि नेमकं तेच सांगितलं. न चुकवता, न तोडता. त्यानेही मान हलवली.

काही दिवस तो गोळी पूर्णच घेत होता. मग एका सकाळी, करवत अजून ओंडक्याच्या चिरेत तशीच टांगलेली असताना, खालून आवाज आला.

"माझी?"

वहिनी तेव्हा विहिरीवर होती. खड्ड्यात कुणी नव्हतं. करवतीची खालची मूठ मात्र हलत होती. कुणीतरी नुकता हात काढून घेतल्यासारखी, अगदी थोडी.

हिशेब साधा होता. ज्याची अर्धी खाल्ली, त्याची अर्धी परत. त्यात चूक कुठे आहे ते सांगायला डॉक्टर लागला असता, आणि डॉक्टरला तो हे सांगणार नव्हता.

*

आरोग्य केंद्रात त्याचा फोटो लागला होता. खाली जाड अक्षरांत 'आदर्श रुग्ण'.

नर्सबाईचाही नाइलाज होता. या जंतूच्या बाकीच्या रुग्णांनी तिला जीव नकोसा केला होता. टपरीवाला रोज आठवण ठेवायला नको म्हणून आठवड्याच्या गोळ्या एकदम घ्यायचा. शिंपीण बरं वाटायला लागलं म्हणून थांबली होती आणि उरलेल्या गोळ्या तिने जपून ठेवल्या होत्या, पुढेमागे कुणा नातेवाइकाला लागल्या तर. एक म्हातारा गोळी घ्यायचा, पण पाहुणे आले की घ्यायचा नाही. लोकांना कळेल म्हणून. अशा जत्थ्यात हा एक माणूस, बाटली नेमक्या दिवशी रिकामी करून आणणारा. त्याला भिंतीवर लावू नये तर कुणाला?

त्या दिवशी तिने सगळ्यांना ओसरीवर बसवलं होतं आणि वरच्याला उभं केलं होतं. वहिनीही आली होती. भुशाने डोळे लाल झाले होते, त्यात थेंब घालून घ्यायला. ती कोपऱ्यात डोळे मिटून, मान मागे टेकून बसली होती. मिटलेल्या डोळ्यांतून औषध ओघळत होतं, आणि लोक समजूतदारपणे तिच्याकडे बघत नव्हते.

"काका, सांगा यांना तुमच्या शब्दांत," नर्सबाई म्हणाली.

वरच्याने भिंतीवरच्या आपल्या फोटोकडे पाहिलं. फोटोतला माणूस त्याच्याहून बराच निर्धास्त दिसत होता.

"गोळी घ्यावी," तो म्हणाला. "रोज घ्यावी. विसरू नये. कडू लागते, तरी पण..."

"कडू?" नर्सबाई हसली. "काका, कडू कशी लागेल? वरून लेप असतो तिला. तोडली, चावली तरच कडू. गिळली की चवच नाही."

"मला तर कधीच नाही लागली," शिंपीण म्हणाली. "घेत होते तोवर."

"मलाही नाही," टपरीवाला म्हणाला. "मी तर एकदम मूठभर घेतो."

"याची जीभ आदर्श आहे," म्हाताऱ्याने सांगितलं. ओसरी हसली. वरचाही हसला. कोपऱ्यात वहिनीने डोळे उघडले. थेंब घातल्यावर इतक्यात उघडायचे नव्हते.

परतताना वाटेवर ती दोन पावलं मागून चालत होती. मग म्हणाली, "भाऊजी, हेही म्हणायचे."

"काय?"

"गोळी कडू आहे म्हणून. रोज तोंड वाकडं करून वर यायचे."

"घराण्याची जीभच तशी असेल," वरचा म्हणाला आणि चालण्याचा वेग वाढवला. तिने वाढवला नाही.

*

दुसऱ्या सकाळी तो खड्ड्यावर आला तेव्हा ती आधीच खाली होती. भुसा चाळत होती. चाळलेला भुसा कोंबड्यांच्या खुराड्यासाठी जायचा, त्यात ढलप्या चालत नसत. त्यामुळे चाळणीचं तसं नवल नव्हतं. इतक्या सकाळी चाळण्याचं होतं.

त्याच्या मुठीत गोळी होती. मूठ त्याने तशीच ठेवली.

"आज लवकर, वहिनी?"

"हो. सुतार ओरडतोय ना. धरा."

करवत सुरू झाली. ओंडका दाट शिरांचा होता, मधून मधून पाचर ठोकावी लागत होती. वर उभ्या माणसाला खालचा माणूस दिसत नाही, पण कळतो. करवतीतून सगळं वर येतं. कुणाला ताप आहे, कुणाचं रात्री भांडण झालंय, कोण उपाशी आहे. थोरल्याची ओढ लांब आणि सावकाश असायची, विहिरीतून भरलेली घागर ओढावी तशी. वहिनीची आखूड, पण नेटकी. आज ती नेटकी नव्हती. प्रत्येक ओढीला पातं थोडं कडेला दाबलं जात होतं आणि रेघ सांभाळताना त्याचे खांदे भरून येत होते.

"भाऊजी."

"हं."

"चाळणीत काय आलं सांगू?"

त्याने करवत उचलली. तिने ओढली.

"विटकरी तुकडे. मला वाटलं विटेचा चुरा. जिभेला लावून बघितला." ओढ. "कडू."

त्याने उचलली.

"अर्धी खाली टाकता. कुणासाठी?"

"दादासाठी."

"ते मेलेत."

"हो."

"मेलेल्या माणसाला औषध?"

"मागतो तो."

ओढ मंदावली. खालून आवाज आला, फडक्याआडून, जरा वेगळाच. "काय म्हणून मागतात?"

"'माझी?' म्हणतो. एवढंच."

ती आता 'वेडे झालात काय' म्हणेल असं त्याला वाटलं, म्हणावं असंही वाटलं. ती म्हणाली नाही. हा शब्द तिच्याही घरातला होता.

"आणि का मागतात?"

रेघेवर घामाचा थेंब पडला, काजळी पसरली. आता सांगायला नको असतं तर त्याला करवत थांबवता आली असती. त्याने ती उचलली, आणि उचलता उचलता सांगून टाकलं. "त्याच्या गोळ्या तो अर्ध्या करून बादलीतून मला पाठवायचा. मलाही असणार म्हणून. बाटल्या संपेपर्यंत. मी खाल्ल्या. नको म्हटलं नाही एकदाही."

करवत खाली गेली नाही. पात्यातून एक धक्का वर आला, मग दुसरा, लाकडावर लाकूड आपटल्याचा. आणि एकाएकी ती लांबलचक करवत त्याच्या हातात पोरक्यासारखी हलकी झाली. खालची मूठ काढता येते. ओंडका सरकवताना पातं वर ओढून घ्यायचं असतं म्हणून ती पाचरीवर बसवलेली असते. वहिनीने पाचर ठोकून मूठ काढली होती.

ती शिडीवरून वर आली. भुशाने भुवया, पापण्या सगळं एकाच रंगाचं झालेलं. हातात मूठ.

"तू त्यांचं औषध खाल्लंस," ती म्हणाली.

लग्न होऊन आली तेव्हा तो मिसरूड न फुटलेला पोरगा होता, तेव्हासुद्धा तिने त्याला 'अहो भाऊजी'च म्हटलं होतं. तो 'तू' त्याला शिवीपेक्षा खोल लागला.

ती मूठ घेऊन निघून गेली. त्याने स्वतःची मूठ उघडली. घामाने गोळीचा रंग तळव्यावर उतरला होता. अर्धी घेणं आता शक्य नव्हतं आणि पूर्ण घेण्याचा त्याला हक्क वाटेना. ती त्याने परत खिशात टाकली.

"घेतली का हो?" घरातून हाक आली.

त्या दिवशी पहिल्यांदाच तो खोटं बोलला.

*

दुपारी होडीवाला सुतार आला. ओंडका अर्धा चिरलेला, पाचरा तशाच चिरेत, करवत आडवी.

"का थांबली?"

"मूठ नाही."

"एवढंच ना? दुसरी कर. तू लाकडाचा माणूस, मुठीसाठी अडतोस?"

"दुसरी बसत नाही हाताला."

"कुणाच्या?"

वरच्याने चिरेतली पाचर उगाच एकदा ठोकली. सुतार नदीकडे बघून म्हणाला, "ती काही तुमच्या घरच्या रुसव्याफुगव्यांसाठी थांबायची नाही," आणि गेला.

वहिनी संध्याकाळी आली. घरात शिरली नाही, दारातूनच म्हणाली, "उद्या सकाळी केंद्रावर चलायचं. डॉक्टर असणार आहेत. नर्सबाईला मी सांगून आलेय सगळं."

बायको एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिली. "काय सगळं?" मग तिलाही सांगावं लागलं. तिची शक्ती असलेली जीभ त्या रात्री जागची हलली नाही. घरातली एवढी शांतता ऐकून वरच्याला भीतीच वाटली.

डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. त्यांनी वरच्याला रागावलं नाही. रागवायचं काम नर्सबाईने आधीच उरकून ठेवलं होतं. "भिंतीवर लावला होता मी तुम्हाला!" हे वाक्य ती निरनिराळ्या सुरांत म्हणाली होती.

"अर्ध्या औषधाने जंतू मरत नाही," डॉक्टर म्हणाले. "शहाणा होतो. औषध कसं असतं ते ओळखून घेतो, मग पुढच्या वेळी ते त्याला लागू पडत नाही. रक्त घेतो, पाठवतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण आता एक जरी तुकडा इकडे तिकडे झाला, तर पुढे माझ्या हातात फारसं काही उरणार नाही. तुमचं यकृत अजून सुकलेलं नाही. भावाचं सुकलं होतं. तुम्हाला वाचता येईल."

'वाचता येईल' असं कुणी म्हटलं की माणसाला आनंद होतो. वरच्याने मान खाली घातली.

"एक विचारू?" वहिनी म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. तिच्या डोक्यामागे आदर्श रुग्ण निर्धास्तपणे हसत होता. "ह्यांनी पूर्ण घेतली असती तर वाचले असते?"

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. "सांगता येत नाही, बाई. उशीर झालेला होता. कदाचित वाचले असते. कदाचित नाही."

"म्हणजे निम्मं निम्मं."

"तसं समजा."

तिने मान हलवली. नवऱ्यासारखी.

निघताना नर्सबाई स्टुलावर चढून भिंतीवरचा फोटो उतरवत होती. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंग निघायला लागला, तेव्हा तिने तो राहू दिला.

*

सकाळ झाली. वरचा खड्ड्यावर होता. समोर ओंडक्यावर नव्या बाटलीतली गोळी, अख्खी. शेजारी पाण्याचा तांब्या. पटाशी त्याने मुद्दाम घरात ठेवली होती. मग मुद्दाम जाऊन आणली होती.

त्याने गोळी उचलून ओठांपर्यंत नेली. खाली कुणी हाललं नाही, भुसाही सरकला नाही. तरी त्याला माहीत होतं की खाली कुणीतरी मान वर करून वाट बघतंय. आपण पूर्ण गिळायची, आणि ज्याने आपल्याला भुशातून वर काढून उजेडात उभं केलं त्याच्या वाटणीला रिकामी बादली सोडायची. गोळी जिभेवर ठेवली, तांब्या उचलला, परत खाली ठेवला. त्याने ती परत ओंडक्यावर काढून ठेवली आणि पटाशीची धार तिच्यावर टेकवली.

"ठेव ती," मागून वहिनी म्हणाली.

तिच्या अंगात नवऱ्याचाच सदरा होता. काखेत मूठ.

"वहिनी, उतरत नाही घशाखाली. जिभेवर ठेवून पाहिली. अर्धी त्याची आहे."

"त्याची नाही. खालच्याची आहे," ती म्हणाली. "नियम काय आहे?"

"आधी खाली."

"मग उतर."

त्याला आधी समजलं नाही. तिने मूठ त्याच्या हातात कोंबली, ओंडक्यावरून गोळी उचलली आणि स्वतः ओंडक्यावर चढली. तिथून ती होती त्याहून उंच दिसत होती.

"मला खोकला येतो खाली," तो म्हणाला. हे वाक्य त्याने या जागी पोरवयात एकदा म्हटलं होतं आणि ते लागू पडलं होतं.

"फडकं बांध."

"रेघ कोण सांभाळणार?"

"इतके महिने तुझी रेघ खालून बघतेय मी. फार काही अवघड नाही. डाव्या हाताला झुकतोस तू. उतर."

तोंडाला फडकं बांधून तो शिडी उतरला. इतकी वर्षं तो या खड्ड्याच्या काठावर उभा होता, पण खाली येऊन बरीच वर्षं झाली होती. खाली थंड होतं, ओल होती, लाकडाचा आंबूस वास होता. मातीच्या भिंतीत खांद्याच्या उंचीवर एक लहानसा कोनाडा कोरलेला होता. थोरला त्यात काडेपेटी ठेवायचा. काडेपेटी अजून तिथेच होती, दमट. शेजारी भिंत एका जागी गुळगुळीत झाली होती. पाठ टेकून. वर पाहिलं तर ओंडक्याच्या दोन्ही बाजूंनी उजेडाच्या दोन अरुंद पट्ट्या आणि त्यात कुणाचीतरी पावलं. थोरल्याने माझे पाय किती बघितले असतील, त्याच्या मनात आलं. चेहरा क्वचितच.

त्याने मूठ पात्यावर बसवली, पाचर ठोकली. मुठीवर जिथे बोटं यायची तिथे खळगे पडले होते. त्याने आपली बोटं त्यांत ठेवली. जरा मोठे होते.

बादलीची दोरी घासल्याचा आवाज आला. बादली भिंतीला ठेचकाळत खाली आली. आत तांब्या आणि एका पानावर गोळी. अख्खी.

त्याने ती हातात घेतली. सवयीने म्हणाला, "अर्धी वर पाठवू?"

"वर कुणाला रोग नाही," वरून उत्तर आलं. "वाटणी नाही. खालचीच आहे सगळी."

तो थांबला. कान दिला. खड्ड्याच्या चारी बाजूंना त्याने पाहिलं, कोनाड्याकडे, गुळगुळीत भिंतीकडे, मागे. कुणीतरी मागायला हवं होतं. खाली मागायला दुसरं कुणी नव्हतंच. तोच होता.

त्याने फडकं खाली ओढलं, गोळी जिभेवर ठेवली, तांब्या तोंडाला लावला आणि गिळली. कडू लागली नाही.

"आलं?" वहिनीने विचारलं.

"आलं," फडकं परत तोंडावर घेत तो म्हणाला.

खड्ड्याच्या भिंतींना लागून, फडक्याआडून, भुशातून वाट काढत तो आवाज वर पोहोचला तेव्हा त्याचा राहिला नव्हता. त्याच्या स्वतःच्या कानांनाही ते कळलं. वर ओंडक्यावर वहिनीची पावलं बराच वेळ हलली नाहीत. दोरी तिच्या हातातून सुटून खाली त्याच्या खांद्यावर पडली.

मग करवत वर उचलली गेली, रेघेवर आली आणि ओढ लागायची वाट बघत थांबली.